ओवाळणीत दिलेली तंबाखू

माझ्या भावानं तंबाखू सोडली नाही, मला दिली. भाऊबीजेला पाटावर बसून, डोक्यावर टोपी घालून, घरच्या सगळ्यांदेखत तबकात टाकली. म्हणून तर मी तिच्यावर एवढा हक्क सांगत होते, आणि म्हणूनच पुढं जे कळलं त्यानं माझं डोकं फिरलं.

मी थोरली, तो धाकटा. आई लवकर गेली, त्यामुळं त्याचा शेंबूड पुसण्यापासून त्याला शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं मीच केलं. आता त्याचे केस पिकले, लेकीचं लग्न झालं, तरी त्याच्यावर खेकसायचा अधिकार माझाच आहे असं मी समजते. तोही तसंच समजतो, फक्त कबूल करत नाही. त्याचं माकणीला घर आहे, थोडं शेत आहे, आणि माकणी ते लोहारा अशी जीप तो चालवतो. मी लोहाऱ्यात पिठाची गिरणी चालवते. आमचे हे होते तोवर ते चालवायचे, आता मी. सकाळच्या पहिल्या खेपेला जीप गिरणीसमोरनं जाते तेव्हा हा पठ्ठ्या न थांबता हॉर्न वाजवतो. गिरणी कितीही घरघरत असू दे, तो हॉर्न मला ऐकू येतोच. गेला बाबा नीट, असं मनात म्हणते आणि पुढचा डबा उचलते.

आमचे आबा तंबाखूनं गेले. शेवटी त्यांचं तोंड इतकं आवळलं होतं की पेज पाजायची तर चमचा आत जाईना. मी चमचा धरायची आणि भाऊ त्यांची मान धरायचा. हे सगळं डोळ्यांनी बघून हाच माझा भाऊ दाराबाहेर जायचा आणि हातावर तंबाखू मळायचा. विचारलं तर म्हणायचा, "अक्का, टेन्शन आलं की लागती गं." अरे गाढवा, आत ते तोंड आवळून पडलेत ते कशानं? पण ऐकेल तर शपथ.

म्हणून त्या भाऊबीजेला मी ठरवूनच माकणीला गेले. ओवाळून झालं, तसं त्यानं नेहमीप्रमाणं विचारलं, "बोल अक्का, साडी का भांडं?"

"तुझी तंबाखू टाक तबकात."

तो हसला. मी हसले नाही. भावजय करंज्यांचं ताट घेऊन उभी होती, तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी तबक धरून तशीच उभी. निरांजन जळतंय, हात भरून आलाय, पण म्हटलं आज हलायचं नाही. शेवटी त्यानं खिशात हात घातला. पुडी काढली, चुन्याची डबी काढली, आणि तांदूळ-सुपारीच्या शेजारी ठेवली.

"घे. आता ही तुझी झाली."

ओवाळणी परत मागत नसतात, आमच्यात तरी नाही. मी ती पुडी त्याच्यासमोर उकिरड्यावर फेकली, तेव्हा मला वाटलं, आबांच्या वेळी जे जमलं नाही ते आज जमलं.

पुढचे काही आठवडे त्यानं घर डोक्यावर घेतलं. शेंगदाणे चघळ, बडीशेप चघळ, गुळाचा खडा धर, तरी चैन पडेना. जीपमधल्या सिटांशी, म्हणजे प्रवाशांशी भांडला, भावकीशी भांडला, एकदा तर जीपच्या टायरला लाथ मारून स्वतःचाच अंगठा सुजवून घेतला. भावजयीचा फोन आला, "अक्का, ती तंबाखू परत द्या की वो यांना. घरात ऱ्हानं मुश्किल झालंय." मी पोट धरून हसले. आणि मग एक दिवस तो एकदम शांत झाला. चेहरा मोकळा, बोलणं गोड, आणि जवळ आला की पुदिन्याचा छान वास. मी म्हटलं, सुटला गडी. येडशीला उतरून रामलिंगाला नारळ फोडून आले.

गिरणीवर दळणाला येणाऱ्या बायकांना मी हे किती वेळा सांगितलं असेल! ज्या ज्या बाईचा भाऊ तंबाखू खायचा तिला सांगायची, "साडी कशाला मागतीस मेले, तंबाखू माग. ओवाळणीत दिलेली वस्तू माणूस परत घेत न्हाय." दोघी-तिघींनी खरंच मागितली. मला कोण अभिमान!

पुढच्या भाऊबीजेला एक गोष्ट घडली, तेव्हा मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. ओवाळल्यावर मी नेहमीसारखा बेसनाचा लाडू त्याच्या तोंडाजवळ नेला, तर त्यानं मान मागं घेतली आणि लाडू हातात घेतला. "गोड कमी केलंय अक्का, खाईन मागनं." लहानपणापासून एकदाही चुकली नव्हती अशी ही गोष्ट. पण मी म्हटलं, वय झालं, साखरेला भीत असेल. आणि मला आतून बरंच वाटलं, की बघा, तब्येतीची काळजी करायला लागला.

त्यानंतर त्याची छाती धडधडायला लागली. आधी त्यानं कुणाला सांगितलं नाही. एकदा गिरणीवर आला आणि जवारीचं पोतं उचलायला वाकला, तर अर्ध्यातच सोडून भिंतीला टेकला. घाम आलेला.

"काय रं, काय झालं?"

"काय न्हाय. छातीत जरा धडधड करायलंय. खामखा घाबरू नको."

खामखा म्हणे! त्याच पायानं त्याला दवाखान्यात नेलं. तिथं ब्लडप्रेशर बघितलं तर चढलेलं. तिथल्या डॉक्टरांनी धाराशिवला दाखवा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही धाराशिवला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांतपणे सगळं विचारत होत्या. झोप कशी आहे, घरात कुणाला होतं का, मीठ किती, दारू पिता का. आणि मग विचारलं, "तंबाखू खाता?"

तो काही बोलायच्या आत मीच बोलले. "न्हाय वो डॉक्टर. मागच्याच्या मागं भाऊबीजेला सोडली. मला ओवाळणीत दिली त्यानं." आणि हे सांगताना माझी मान किती ताठ होती म्हणून सांगू! डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. "असा भाऊ पाहिजे," म्हणाल्या. भाऊ खाली बघून आपल्या चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता. मला वाटलं लाजला.

गोळी सुरू झाली. प्रेशर उतरेना. मोठी गोळी झाली, तरी थोडंच उतरलं. मी भावजयीला फर्मान काढलं की लोणचं बंद, पापड बंद, भाकरीच्या पिठात मीठ घालायचं नाही. तो चिडायचा. "अक्का, निस्तं पानी पाजून ठिवता का मला?" आणि ठेचा तर तो स्वतःहूनच खाईना झाला. खालच्या ओठाच्या आत झोंबतं म्हणायचा. ज्या माणसानं जन्मभर हिरव्या मिरचीशिवाय घास मोडला नाही तो वरणात भाकरी कुस्करून खायला लागला. डॉक्टरीणबाई दर वेळी तपासायच्या, कागद बघायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. "काहीतरी सुटतंय बघा आपल्या नजरेतून," असं एकदा त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य माझ्या डोक्यात जे रुतलं ते निघेना. काय सुटतंय? हृदयाचं काही असेल का? आबांचंच दुसऱ्या रूपानं येतंय का?

तेव्हापासून सकाळचा हॉर्न म्हणजे माझा जीव टांगणीला. वेळ झाली की माझा एक कान रस्त्यावर. दळण टाकायचं विसरायचे, रिकामं जातं फिरत राहायचं आणि वास सुटायचा. बायका म्हणायच्या, "अक्का, लक्ष कुठाय तुमचं?" लक्ष कुठं असणार! जीपमध्ये पुढं तो, मागं कोंबड्यांसारखी भरलेली माणसं, आणि स्टेअरिंग धरलेल्या माणसाची छाती धडधडतीय. त्याचं काही झालं तर तो एकटा जाणार नव्हता. मी त्याला जीप बंद कर म्हणून सांगितलं तर म्हणाला, "मग काय करू? तुझ्या गिरणीवर दळण टाकू?" टाक की! पण नाही.

आणि मग एका सकाळी हॉर्न वाजला नाही.

मी आधी वाट बघितली. मग म्हटलं, गिरणीच्या आवाजात ऐकू आला नसेल, पण ते मलाच पटेना. पट्टा बंद केला. फोन लावला, तो उचलेना. परत लावला, तर भलत्याच माणसानं उचलला. म्हणाला, "जीप रस्त्याला हुबी हाय. डायवरला चक्कर आलीय." गिरणी तशीच उघडी टाकून समोरच्या टमटमवाल्याला म्हटलं, चल बाबा, माकणीच्या रस्त्याला, कुठंही थांबू नको. पदराला पीठ, केसांना पीठ, तशीच बसले.

जीप बाजूला घेतलेली होती. माणसं उतरून उभी. हा लिंबाच्या झाडाखाली बसलेला, शर्टाची बटणं उघडी, चेहरा पांढराफटक. पण बसलेला होता. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच राग आला, तसा येतोच. एक म्हातारा सिटवाला मायेनं त्याच्यापुढं तळहात करून उभा होता, हातावर मळलेली तंबाखू. "चिमूटभर घ्या डायवर, डोकं थाऱ्यावर यील."

"नको बाबा," भाऊ म्हणाला. "सोडलीय म्या."

एवढ्या चक्करीतही नाही म्हणाला! माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मी बाटली पुढं केली, म्हटलं पाणी पी आधी. त्यानं बाटली घेतली, आणि पाणी तोंडाला लावायच्या आत, अगदी सवयीनं, खालच्या ओठात बोट घातलं आणि काहीतरी काढून मुठीत धरलं.

"काय ते?"

"कुठं काय?"

"मूठ उघड."

लहानपणी कैऱ्या चोरल्यावर उघडायचा तशी त्यानं मूठ उघडली. आत एक पांढरी, ओली, इवलीशी उशी. कपात बुडवायच्या चहाच्या पुडीचं पिल्लू असावं तशी. पुदिन्याचा वास आला, तोच, ज्याला मी नारळ फोडला होता.

"पुदिन्याचं हाय गं. जावईबापूंनी दिलंय पुन्याहून. त्यांची शिगारेट ह्याच्यावरच सुटली. तोंडात धरायचं, थुकायचं बी न्हाय. ह्यात तंबाखू न्हाय अक्का, आईची आन."

मी त्याच्या खिशातनं डबी काढली. गोल, पांढरी, औषधाची असते तशी देखणी. वर इंग्रजी अक्षरं. मी बारावीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर लावून वाचते. तंबाखू हा शब्द खरंच कुठं नव्हता. पण खाली बारीक अक्षरात निकोटीन होतं.

"आरं, निकोटीन म्हंजी तंबाखूतलंच की! नशा ज्याची असती ती ह्याचीच."

"आसंल. पन तू तंबाखू मागितलीस. म्या तंबाखू दिली. त्या दिवसापास्नं तंबाखूच्या पानाला हात लावला न्हाय. ह्या बाबाला इचार, आत्ता तुझ्यासमोर नको म्हनलो का न्हाय?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर माझं दुखणं. त्याच्या डोक्यात हिशेब अगदी चोख होता. तबकात पडली ती तंबाखू, ती बहिणीची. ही पांढरी वस्तू तबकात पडलेलीच नव्हती. दवाखान्यात बाईंनी विचारलं तंबाखू खाता का, तेव्हा ही वस्तू त्याच्या ओठात होती, आणि मी मान ताठ करून म्हटलं, न्हाय. प्रेशर मोजताना ओठात होती. गोळी वाढवली तेव्हा ओठात होती. आम्ही मिठाच्या मागं लागलो होतो. कपाळ माझं!

मला त्याला मारावंसं वाटलं. मारता आलं नाही, म्हणून म्हाताऱ्या सिटवाल्यावरच ओरडले, "आणि तुमी काय तंबाखू वाटत फिरताय माणसं मरायला लागल्यावर?" तो बिचारा लिंबाच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

त्याच दिवशी धाराशिव गाठलं. मी डबी टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती हातात घेऊन फिरवून बघितली, आणि पहिल्यांदा त्या आमच्यावर रागावल्या. "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी तंबाखू इचारली बाई," भाऊ म्हणाला.

त्यांनी डबी परत टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. आता इथून पुढं मी तोंडात काय धरता, असं विचारीन." मग त्याला विचारलं, दिवसात कितीदा. तो म्हणाला, जेवताना काढतो. म्हणजे बाकी सगळा वेळ! कधीकधी झोपतानाही राहून जायची म्हणाला. त्यांनी समजावून सांगितलं की निकोटीननं हृदयाचे ठोके वाढतात, प्रेशर चढतं, आणि दिवसभर ते रक्तात राहिलं तर नुसती गोळी एकटी काय करणार. मग बॅटरी घेतली, त्याचा खालचा ओठ बाहेर ओढला आणि मला म्हणाल्या, "तुम्हीही बघा."

मी बघितलं. त्या जागी हिरडी दातापासून खाली सरकलेली, दाताचं मूळ उघडं पडलेलं. आणि ओठाच्या आतल्या बाजूला एक पांढुरका, सुरकुतलेला चट्टा. पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखा. आबांचाही असाच सुरू झाला होता का? तेव्हा कुणी बघितलंच नव्हतं.

"हे काय आहे बाई?"

"आत्ता घाबरू नका. हे जुन्या तंबाखूचं असू शकतं, या पुडीचं असू शकतं. हे धरणं बंद केल्यावर जातं का ते बघू. नाही गेलं तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"आन पुडं? असंच धरत राहिलं तर पुडं काय हुतं?"

त्यांनी बॅटरी बंद केली. मला वाटलं, आता वाईटच सांगणार. पण त्या म्हणाल्या, "खरं सांगू का मावशी? तंबाखूचं काय होतं ते आम्हाला पक्कं माहीत आहे. हे नवीन आहे. तंबाखूपेक्षा विष कमी असेल, बहुतेक आहेच. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. हिरडीचं दिसतंय, हृदयाचं दिसतंय, सवय सुटत नाही हे दिसतंय. पण वीस-तीस वर्षं धरल्यावर काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही, कारण तेवढी वर्षं धरलेली माणसं अजून फारशी नाहीतच."

"म्हंजी माझ्या भावाकडं बघून कळनार का तुमाला?"

माझा आवाज चढला होता. बाहेर बसलेल्या पेशंटांनी आत डोकावून बघितलं. पण मला कशाचंच भान नव्हतं. वाईट असतं तर वाईट म्हणून लढता येतं. आबांच्या वेळी निदान रोगाला नाव होतं. इथं नावच नाही, नुसतं थांबा आणि बघा. कुणाच्या जिवावर थांबायचं? डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच सोडा म्हणते." एकदम सोडायला जमलं नाही तर हळूहळू कशी कमी करायची ते त्यांनी लिहून दिलं.

परत आल्यावर मी जावईबापूंना फोन लावला. जावयाला बोलायचं म्हणजे आमच्यात मोठं संकट. दिलेली वस्तू नाकारत नाहीत, चढ्या आवाजात बोलत नाहीत, आणि माझी तर जीभ चाकूसारखी. शब्द गिळत गिळत सांगितलं, "जावईबापू, तुमी माया करून दिलं ते कळतंय मला. पन तुमच्या सासऱ्यांच्या छातीवर आलंय. ओठात चट्टा आलाय."

मग ते म्हणाले, "आत्या, मला वाटलं सिगारेटपेक्षा, तंबाखूपेक्षा बरं. माझं मलाही बरं वाटलं होतं." मग एकदम बारीक आवाजात विचारलं, "चट्टा नेमका कुठं आलाय? खालच्या ओठाला का वरच्या?"

माझा सगळा राग तिथंच विरघळला. आमची पोर तिकडं आहे, आणि हा माणूस बहुतेक आरशासमोर उभा राहून ओठ उलटा करून बघत होता. मी म्हटलं, "तुमीबी दाखवून घ्या बाबा. लाजू नका." ते हो म्हणाले.

गिरणीवर बायकांना आता काय तोंड दाखवायचं, असं झालं होतं. पण सांगितलं. म्हटलं, "ज्यांनी ज्यांनी भावाची तंबाखू मागून घेतलीय त्यांनी घरी जाऊन वास घ्या. पुदिन्याचा वास आला तर भुलू नका माझ्यासारख्या." एकजण म्हणाली, "अक्का, मग मागायचं तरी काय म्हनून?" त्या प्रश्नानं माझी झोप उडवली. खरंच, काय म्हणून मागायचं? पुडी मागावी तर तो निकोटीनची गोळी धरेल. गोळी मागावी तर उद्या आणखी काही निघेल. तोंडात काही धरायचं नाही म्हणावं तर तो म्हणेल लवंग धरू का नको. दळण टाकता टाकता मी शब्द जुळवायची आणि मोडायची. वकिलालाही एवढा विचार पडला नसेल.

भाऊ कमी करत होता. कधी चांगला दिवस, कधी अगदी वाईट. हात थरथरायचे, पोरासारखा रुसायचा. प्रेशर मात्र थोडं खाली आलं. चट्टा तसाच होता. धरणं पुरतं सुटलंच नव्हतं, मग जाणार कसा? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवाळीनंतर या, तेव्हाही असाच असला तर तुकडा काढू. मी त्या दिवाळीकडं असं बघत होते की यावी असंही वाटे आणि येऊ नये असंही वाटे.

भाऊबीजेला माकणीला गेले. पाट मांडला, भावजयीनं रांगोळी काढली. हा टोपी घालून बसला. मी ओवाळलं. तबक खाली ठेवलं नाही, हातातच धरलं. त्यानंही ओळखलं. डोळे मिचकावत म्हणाला, "बोल अक्का. पन ह्या टायमाला नीट इचार करून बोल. पाच वकिलांना इचारून आलीस का न्हाय?"

भावजय हसली. मीही हसायला गेले, पण हसू आलं नाही. एवढे दिवस जुळवलेला एकही शब्द तोंडाशी येईना. आबांचं आवळलेलं तोंड डोळ्यासमोर, आणि त्यांची मान धरलेले याचे हात. तेव्हा ते हात केवढे कोवळे होते.

"माझ्या आधी जायचं न्हाय," मी म्हटलं. "मी थोरली हाय. आधी मी जानार. एवढंच दे."

त्याचं हसू गेलं. निरांजन तडतडत होतं. मग मान खाली घालून म्हणाला, "ते माझ्या हातात न्हाय, अक्का."

"म्हाईत हाय मला."

त्यानं खालच्या ओठात बोट घातलं. ती पांढरी ओली पुडी काढली आणि तबकात, तांदळाच्या शेजारी ठेवली. मग खिशातनं डबी काढून तिच्याजवळ ठेवली. "हे हाय माझ्या हातात," म्हणाला. "घे." भावजय मोठ्यानं रडायला लागली. मी तिला गप्प केलं, नाहीतर मीही सुरू झाले असते.

तबक खाली ठेवून मी ताटातला बेसनाचा लाडू उचलला आणि त्याच्या तोंडाजवळ नेला. या वेळी त्यानं मान मागं घेतली नाही. तोंड मोठं उघडलं, आणि मी काही न सांगताच, दवाखान्यात उघडतो तसा, बोटानं खालचा ओठ बाहेर ओढून धरला. निरांजनाच्या उजेडात मी आधी ती जागा बघितली. मग लाडू भरवला.